पंधरा खाचांचा जिना

४ एप्रिल २००५, सोमवार. सकाळी पावणेदहा.
ही वही वर्कशॉपच्या जर्नलची. पुढची अकरा पानं फाडून टाकली, कारण त्यांवर सरांच्या लाल सह्या होत्या. बाकी कोरी आहे. आता यात मी रोज खरं तेच लिहिणार. कुणाला दाखवणार नाही.

पहिलं खरं: कॉलेजने मला काढलेलं नाही. मी कॉलेज सोडलं. हा फरक समजेल असा एकही माणूस या गावात नाही.

आमचे वडील, आण्णा, बेल्ह्याच्या बैलबाजाराला गेले. हा तिसरा सोमवार. आमचा एक बैल संक्रांतीच्या सुमारास गेला. उरलेला डाव्या अंगाने चालतो, म्हणून आण्णांना उजव्या अंगाचाच पाहिजे. मी म्हणालो, बैल म्हणजे चार पाय आणि एक शेपूट, त्यात डावा काय आणि उजवा काय, मिळेल तो आणा आणि जुंपा. आण्णांनी चहाचा कप खाली ठेवला, माझ्याकडे नीट बघितलं आणि टेम्पोत जाऊन बसले. उत्तर नसलं की माणसं अशी बघतात.

संकल्प: पहाटे पाचला उठणे. राग नाही. ह.चा विचार दिवसातून दोनदाच.

५ एप्रिल. दुपार.
साडेआठला उठलो. रात्री विचाराचा कोटा ओलांडला गेला.

ह. म्हणजे हर्षाली. आमच्या शेजारच्या संपतनानांची मुलगी. पुण्याला राहून कॉम्प्युटरचा कोर्स करून आली आहे. नानांनी तिच्यासाठी घरावर स्लॅबची खोली बांधली, तिथे ती क्लास काढणार आहे. खोली झाली, रंग झाला, दोन कॉम्प्युटर येऊन पडले. मग सगळ्यांच्या लक्षात आलं की वर जायचं कसं. जिनाच नाही. रंगाऱ्याची बांबूची शिडी लावून ठेवली आहे. शिडीने आपल्या पोरी वर पाठवणारे आईबाप नारायणगावच्या पंचक्रोशीत सापडणार नाहीत. घर बांधताना जिना विसरणारा माणूस ग्रामपंचायतीत दोन टर्म निवडून आला होता, यातच सगळं आलं.

आज नळावर ह. भेटली. म्हणाली, "एक जूनला पोरं वर चढली पाहिजेत, अमृत. क्लास चालू झाला तर नाना वरीसभर लग्नाचं नाव काढणार न्हाईत. न्हाई झाला, तर मंचरवाल्यांना हो म्हणून मोकळे होणारेत."

'अमृत' म्हणाली. मंचरवाला नको, म्हणजे कोण पाहिजे? हे कळायला डिप्लोमा पूर्ण करावा लागत नाही.

संध्याकाळी.
नानांच्या ओट्यावर जाऊन जिना मी करणार असं सांगून आलो. नानांच्या डोक्यात हनुमंत मिस्त्री होता. साठीचा माणूस, पटाशी आणि हातोडी घेऊन खाचा पाडत बसतो. पण त्याचं ओतूरला दरवाज्यांचं काम चालू आहे, मेच्या मध्यापर्यंत मोकळा नाही, आणि मोकळा झाल्यावर बारा दिवस मागतो. मी सहा दिवस सांगितले. नानांनी विचारलं, तू सुतारकाम कधी केलंस? मी म्हणालो, सुतारकाम नाही नाना, मशीनिंग.

भोसरीच्या एका फर्निचर कारखान्यात मी तीन आठवडे होतो. मालकाशी तात्त्विक मतभेद झाले. निघताना पगाराच्या बदल्यात जुनं राउटर मशीन घेऊन आलो. मशीनची मोटर उभी असते, खाली बिट नावाचं पातं फिरतं, आणि लाकडात पाहिजे त्या खोलीची खाच लोण्यासारखी पडते. नानांना 'राउटर' शब्द तीनदा सांगितला. त्यांनी तीनदा 'रोटर' म्हटलं. मी राग आवरला. संकल्प पाळला जातोय.

७ एप्रिल.
डिझाइन झालं. एका बैठकीत.

फरशीपासून स्लॅबपर्यंत दहा फूट. पंधरा पायऱ्या, प्रत्येक आठ इंच. पायऱ्या विषमच पाहिजेत असं नानांच्या बायकोने निरोप पाठवून सांगितलं. गणितही तसंच आलं, तेव्हा वाद घालायची संधी गेली. दोन बाजूंना सोळा फुटी दोन सागवानी फळ्या, त्यांत तिरप्या खाचा, खाचांत पायऱ्या बसणार.

खरी अक्कल जिगमध्ये आहे. प्लायच्या तुकड्यात एका पायरीच्या आकाराची खिडकी कापायची. तो तुकडा फळीवर क्लँपने आवळायचा, राउटर खिडकीच्या कडेकडेने फिरवायचं. एक खाच तयार. जिग पुढे सरकवायची, दुसरी खाच. पंधराच्या पंधरा हुबेहूब. हनुमंत मिस्त्रीला एका खाचेला अर्धा दिवस लागतो. मला चार मिनिटं. पंधरा गुणिले दोन गुणिले चार म्हणजे दोन तास. सहा दिवस सांगितले ते नानांना धक्का बसू नये म्हणून.

ड्रॉइंग काढताना सरांची आठवण झाली. इंजिनिअरिंग ड्रॉइंगमध्ये मला तीनदा नापास केलं तो माणूस. शेवटच्या पेपरवर लाल शाईने लिहिलं होतं की डावीकडून दिसणारं आणि उजवीकडून दिसणारं चित्र एकसारखं कसं? अहो, वस्तू एकच आहे तर दोन्हीकडून तीच दिसणार. अशा लोकांच्या हातात पोरांचं भविष्य आहे.

११ एप्रिल, सोमवार.
नारायणगावला प्लाय आणायला गेलो. दुकानदाराला बारा एमएमचा बीडब्ल्यूआर, म्हणजे पाण्याला टिकणारा प्लाय, मागितला. त्याने विचारलं, देवघर करायचंय का. भांडण झालं. दुसऱ्या दुकानातून घेतला.

येताना जीपच्या टपावर प्लाय बांधला. ड्रायव्हर म्हणाला दोरी कमी आहे. मी म्हणालो, भाऊ, मला फोर्स शिकवू नकोस. बायपासला टोमॅटोच्या गाड्यांची रांग होती तोवर सगळं ठीक होतं. रांग संपली, जीपने वेग घेतला आणि प्लाय उडाला. सुदैवाने मागे माणूस नव्हता, टोमॅटोचा टेम्पो होता. तीन क्रेट. टेम्पोवाल्याशी भांडण. ड्रायव्हरशी भांडण. प्लायचा एक कोपरा गेला. तसाही जिगला एवढा मोठा लागत नव्हता.

आण्णा आज पण रिकाम्या हाताने आले. एक बैल चांगला होता म्हणे, देखणा, चार दाती. पण डाव्या अंगाचा. परत मागे सोडला. यांना बाजार नको, स्वयंवर पाहिजे.

१६ एप्रिल.
फळ्या आल्या. नाना स्वतः जुन्नरच्या वखारीत जाऊन घेऊन आले. सोळा फूट लांब, बारा इंच रुंद, दोन इंच जाड, एक गाठ नाही. वखारवाल्याकडे एवढ्या लांबीच्या दोनच होत्या. नानांनी त्यांवरून हात फिरवला आणि मला म्हणाले की तिसरी न्हाई बरं का. मी हसलो. मशीनला तिसरी लागत नाही.

ह.ने चहा आणला. कानाच्या कपात. नानांना स्टीलच्या ग्लासात. नोंद करून ठेवतो.

२१ एप्रिल.
सहा दिवस आज संपले. माझ्यामुळे नाही. लोडशेडिंग. सकाळी सात ते अकरा लाईट नाही, दुपारी दोन ते सहा नाही. मधले तीन तास आहेत, पण तेव्हा ऊन असतं आणि विचार करता येत नाही. वायरमनला जाऊन खडसावलं. तो म्हणाला, साहेब, मंत्र्याला सांगा. मी म्हणालो, सांगेन.

हनुमंत मिस्त्रीच्या शेडला डिझेल लागत नाही, लाईट लागत नाही, ती चालूच असते. ज्यांची गरजच कमी असते ते सुखी राहतात.

२७ एप्रिल.
जिग नंबर चार तयार. एक ते तीनमध्ये तत्त्व बरोबर होतं, मापं चुकली. त्यात एक बिट तुटलं. नवीन बिट पुण्यातच मिळतं, एसटीने जाऊन आलो. कॉलेजच्या बसस्टॉपवरून गेलो तेव्हा मान दुसरीकडे फिरवली. तिथे कुणी ओळखीचं नव्हतं, पण तत्त्व म्हणून.

नाना दोनदा विचारून गेले. ह. एकदा. तिला मी सांगितलं की जिग ही अशी गोष्ट आहे, तयारीला वेळ जातो, मग काम धडाक्यात होतं. तिने विचारलं, धडाका कधी? तिच्या डोळ्यांत काळजी होती. माझ्याबद्दल काळजी करणारी घरात आई सोडली तर ही एकच.

२ मे, सोमवार. सायंकाळी सात.
पहिली फळी पूर्ण.
पंधरा खाचा. अर्धा इंच खोल, एकसारख्या, कडा अशा की दाढी करावी. नाना बघून गेले, बोट फिरवून गेले. आण्णा (पुन्हा रिकाम्या हाताने) आले आणि म्हणाले, झकास झालं. आण्णांनी माझ्या कामाला झकास म्हणायची ही पहिलीच वेळ. मी लक्ष न दिल्यासारखं केलं.

ह.ने खाचेत बोट घालून पाहिलं. दहाव्या.

५ मे.
हनुमंत मिस्त्री सायकलवरून ओतूरहून येताना थांबला. फळी पाहिली. गुडघ्यावर बसून एक डोळा मिटून पाहिली. मग उठला आणि म्हणाला, "काम साफ हाय. आता दुसऱ्या फळीला जिग पालथी करून घ्या, भाऊ."

मी शांतपणे सांगितलं की ज्या जिगने पहिली फळी इतकी बरोबर आली ती उलटी करायचं काही कारण नाही. तो म्हणाला, बघा राव, तुमची जिग. आणि गेला. सायकलला ब्रेक नाहीत त्याच्या, पायाने थांबवतो. हा माणूस मला तंत्रज्ञान शिकवणार.

माझ्या मते त्याला काम हातचं जाण्याची भीती आहे. समजू शकतो. यंत्र आलं की असं होतंच.

११ मे. अक्षय्य तृतीया.
नानांना आज मुहूर्ताने जिना उभा करायचा होता. झाला नाही. कारणं: लोडशेडिंग, एकदा ताप, एकदा मनःस्थिती. मनःस्थितीचं कारण म्हणजे मंचरवाले आंब्याची पेटी घेऊन आले होते. गाडीतून उतरलेला तो इसम पायात शूज घालून ओट्यावर बसला. त्याने बांबूची शिडी पाहिली आणि विचारलं, हाच का क्लास. सगळे हसले. ह. नाही हसली. ती मला म्हणाली नाही, पण मला ऐकू आलं: लवकर कर.

संकल्प: उद्यापासून रोज चार तास. इसमाचा विचार नाही.

१८ मे. दुपारी दीड.
दुसरी फळी पूर्ण. जिगला धक्का न लावता, जशीच्या तशी. दोन्ही फळ्या जमिनीवर शेजारी शेजारी ठेवल्या. झेरॉक्स. पहिली कुठली आणि दुसरी कुठली हे मलाच सांगता येईना. याला म्हणतात रिपीटॅबिलिटी.

उद्या सकाळी जोडणी. आण्णा, नाना, चार माणसं पकडायला. ह.ला सांगून आलो, समोर उभी राहा. निळा शर्ट इस्त्री करून ठेवला आहे.

१९ मे. सकाळी अकरा.
काय झालं ते जसंच्या तसं लिहायचं असं ठरवलं होतं म्हणून लिहितो.

पहिली फळी उभी केली. डावीकडे, खाचा आतल्या बाजूला. बरोबर. दुसरी फळी उजवीकडे भिंतीला उभी केली. खाचा भिंतीकडे. म्हटलं, उलटी लागली, फिरवा. फिरवली. खाचा आत आल्या, पण आता डावी फळी वर चढत होती आणि उजवी खाली उतरत होती. म्हटलं, शेंडा-बुडखा बदला. बदलला. वर चढायला लागली, पण खाचा परत भिंतीकडे. असं अर्धा तास चाललं. चार माणसं सोळा फुटी सागवान घेऊन गोल फिरत होती, आणि मी मध्ये उभा राहून हातवारे करत होतो.

मग सगळे थांबले. आण्णा ओट्यावर बसले होते. ते उठले, दोन्ही फळ्यांकडे एकदा बघितलं, आणि अगदी हळू आवाजात म्हणाले:

"दोन्ही डाव्या अंगाच्या झाल्या की रे."

चार माणसांपैकी एकाने फळी खाली ठेवली आणि तोंडावर टॉवेल धरला. नाना हसले नाहीत. ते फळीवरून हात फिरवत राहिले, त्या दिवशी वखारीतून आणल्यावर फिरवला होता तसा. ह. घरात निघून गेली. एक जूनला तेरा दिवस.

त्याच दिवशी, दुपार.
चूक माझी नाही. जिगने दिलेलं काम जिगने केलं. माणसाच्या शरीरालाच डावी-उजवी बाजू आहे, लाकडाला नाही, हा दोष जिन्याच्या कल्पनेतच आहे. लोखंडी गोल जिना केला असता तर प्रश्नच आला नसता. मी पहिल्या दिवशी सुचवणार होतो.

हनुमंत मिस्त्रीने नीट समजावून सांगायला हवं होतं. 'पालथी करा' एवढंच म्हणून सायकलवर बसून जाणं ही सांगायची पद्धत नाही.

चाकणच्या एमआयडीसीत जाणार. उद्याच.

२० मे.
चाकणला गेलो नाही. एसटी भरलेली होती.

नाना वखारीत जाऊन आले. तेवढ्या लांबीची फळी महिनाभर नाही. मंचरवाल्यांचा फोन येऊन गेला. ह. अंगणात आली नाही.

२१ मे.
हनुमंत मिस्त्रीचं ओतूरचं काम संपलं. नानांनी त्याला बोलावलं. मला बोलावलं नाही, मीच कुंपणापलीकडे उभा राहिलो. त्याने दुसरी फळी उचलायला लावली, मागची कोरी बाजू वर केली, पेन्सिल कानामागून काढली आणि सांगितलं की खाचा या अंगाने पाडू. पहिल्या खाचांच्या बरोब्बर मागे येतील. दोन्हीकडून अर्धा-अर्धा इंच गेला तरी मध्ये इंचभर लाकूड राहतं, भिंतीला बोल्ट मारले की झालं. चुकीच्या खाचा भिंतीकडे जातील, कुणाला दिसायच्या न्हाईत.

साधीच युक्ती आहे. मी दोन दिवसांत तिथे पोचलोच असतो.

मी कुंपणावरून राउटर देऊ केलं. लवकर होईल म्हणालो. मिस्त्री म्हणाला, नको भाऊ, माझं हाय की घरी. बावीस वर्षं पिंपरीच्या कंपनीत पॅटर्न शॉपला, ओतकामाचे लाकडी साचे करायच्या खात्यात होता तो. सुटताना कंपनीनं राउटर दिलं, ते पोत्यात गुंडाळून माळ्यावर आहे. शंभर जिने करायचे असले तर जिग करावी, एका जिन्याला कोण काढतंय, असं म्हणाला आणि पटाशी परजायला बसला.

हे त्याने आधी सांगायला हवं होतं. माणसं माहिती दडवून ठेवतात.

२३ मे, सोमवार.
आण्णांना बैल मिळाला. उजव्या अंगाचा. दहा सोमवार लागले. आई ओवाळत होती तेव्हा आण्णा माझ्याकडे बघतील असं वाटलं. बघितलं नाही. ते जास्त लागलं.

२८ मे.
जिना उभा. मिस्त्रीने सात दिवसांत फळी, पायऱ्या, कठडा सगळं केलं. मी हिशेब केला: दोन फळ्यांपैकी डावी पूर्ण माझी, उजवीची मागची बाजू माझी. म्हणजे एकूण तीन बाजूंपैकी दोन माझ्या. बहुमत माझं.

१ जून. रात्री.
क्लास सुरू झाला. पहिल्या बॅचला अकरा मुली, दोन मुलगे. सगळे जिन्यावरून वर गेले. नानांनी नारळ फोडला आणि शाल हनुमंत मिस्त्रीच्या खांद्यावर टाकली. मी मागे उभा होतो, शालीचा उजेड डोळ्यावर येत होता म्हणून पुढे गेलो नाही.

मंचरवाल्यांना नाना वर्षभर नाही म्हणाले. मी आईला म्हणालो, बघ. आईने विचारलं, काय बघू? एक वर्ष आहे माझ्या हातात, ते बघ. आई भाकरी थापत राहिली.

७ जून. सकाळ.
ह.ने निरोप पाठवला: जिन्याचं काम आहे, अमृतलाच पाठवा. 'अमृतलाच'. निळा शर्ट घातला. केस ओले केले.

सायंकाळी.
जिना आणि भिंत यांच्यामध्ये बोटभर फट राहिली आहे. माझ्या खाचा तिथे उघड्या आहेत, आणि त्यांत पाली राहायला आल्या आहेत. काल एका मुलीच्या खांद्यावर एक पडली. सहा मुली आज आल्याच नाहीत.

ह. जिन्याखाली उभी होती. हातात भोकं बुजवायच्या लांबीचा डबा आणि वाकवलेला पत्रा. म्हणाली, "मिस्त्रीकाकांचा हात जात न्हाई आत. तुझे हात बारीक हाएत. आणि खाचा कुठं कुठं हाएत ते तुलाच पाठ."

मी सगळ्यात वरच्या पायरीवर बसलो. डावा हात फटीत घालून वरून एक एक बुजवत आलो. कडा अजून तशाच होत्या, धारदार. वर मुलं टायपिंग करत होती, त्याची टकटक लाकडातून हाताला लागत होती. चौदा बुजवल्या.

पंधराव्यात पाल होती. पत्र्याने ढोसली, निघेना. आतच दबकून बसली. इतकी बरोबर मापाची खाच तिला दुसरीकडे मिळणार नव्हती.

ह. वर क्लासात गेली होती, तिथून तिने विचारलं, झालं का.

मी डब्याला झाकण लावलं आणि झालं म्हणालो.